एक कोरी नळी भेट द्या

आदरणीय अध्यक्ष डॉन एरनान, व्यासपीठावरील मान्यवर, किरोस कुटुंबातील मंडळी, आणि केळीच्या पानात वाफवलेल्या तामालांच्या वासाने हळूहळू मागच्या दाराकडे सरकणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आपल्या लेझर विभागाच्या डोन्या फ्लोरिबेत किरोस आज एकतीस वर्षांनी निवृत्त होत आहेत. बाई दिवसभर इथे काय करायच्या, हे घरच्यांना कधी कळलं का? आम्ही रंग लावलेल्या पेशी नळीत भरून न्यायच्या. त्या एकामागून एक लेझरसमोरून जाणार आणि कोणती किती चकाकली, ते बाई सांगणार. पण आधी दारातच ठरलेलं वाक्य: "डॉक्टर, एक कोरी नळी भेट द्या बरं." कोरी म्हणजे बिनरंगाच्या पेशींची, रंगवलेल्यांशी ताडून बघायला. आपण कार्तागोकर दुकानात कॉफीसुद्धा 'भेट द्या' म्हणूनच मागतो आणि मुकाट्याने पैसे देतो. तशीच बाईंची ही भेट. ती चुकवायची कुणाची टाप होती?

मी चुकवली. बावीस वर्षांपूर्वी माझ्या उंदरांच्या फुफ्फुसातल्या पेशी अशा झगमगल्या, की मला मोठा शोधच लागला असं वाटलं. परिषद चार दिवसांवर आलेली. बाईंनी विचारलं, "कोरी नळी?"

"वेळ नाही हो!"

"मग निकालावर माझी सहीपण नाही. रागवा खुशाल. पण कॉफी घेऊन रागवा."

मी रागावलो, कॉफी घेतली नाही. त्याच दुपारी तेव्हाच्या संचालकांकडे निनावी पत्र गेलं, की ही बाई संशोधनात खोडा घालते. त्यांनी ते बाईंपुढे टाकलं आणि त्यांना यंत्रावरून काढून दोन महिने काचसामान धुवायला बसवलं. पत्र कुणाचं, यावर आपण किती तर्क लढवले, आठवतं ना? मीही लढवले.

ते पत्र माझं होतं.

नको, डॉन एरनान, पाणी नको. बोलू द्या. बाई नसताना मी स्वतः यंत्रावर बसलो आणि कुणी बघत नाही असं पाहून कोरी नळी लावली. बिनरंगाच्या पेशीही तेवढ्याच झगमगल्या! ती चमक त्यांच्या अंगचीच होती, शोधबिध काही नव्हता. पोटदुखीचं निमित्त करून मी परिषद टाळली. माझी अब्रू बाईंमुळे वाचली, आणि मी मात्र तोंड उघडलं नाही. मला त्याची फार लाज वाटते.

काय म्हणालात, बाई? जरा मोठ्याने... ऐकलंत, मंडळी? त्या म्हणतात, "अक्षर तेव्हाच ओळखलं होतं, डॉक्टर. नळ्यांवर तसंच तर गिचमिड लिहिता."

आणि तरी बावीस वर्षं मला कॉफी पाजलीत?

आता आवरतं घेतो. आयोजकांचे आणि तामाल करणाऱ्या भगिनींचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. आणि डोन्या फ्लोरिबेत, मला एक माफी भेट द्या बरं. नाही दिलीत, तर रागवा खुशाल. कॉफी आज मी आणतो.