पेशीच्या दारापर्यंत

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी भाऊ-बहीण बसले होते. भावाच्या हातात नव्या औषधाच्या चाचणीचा संमतीचा कागद होता. बहीण टपाल कचेरीत पत्रं लावायच्या कामाला होती.

“औषधाला नेमकी पेशी सापडते कशी रे?”

“अँटीबॉडीला जोडून पाठवतात, ताई. विषाणू ज्या पांढऱ्या पेशींत लपलाय, त्यांच्या अंगावरची खूण ती ओळखते.”

“म्हणजे पत्ता बरोबर. पण पत्ता बरोबर असूनही टपाल परत येतं बरं. लोक दारच उघडत नाहीत.”

“इथे पेशीच आत ओढून घेते.”

“मग झालं की!”

“कुठलं झालं! आत गेल्यावर ते एका पिशवीत अडकतं. त्यातून सुटलं, तरच विषाणूच्या जनुकाचं तोंड बंद होतं.”

“कुणावर जमलंय?”

“उंदरांवर.”

“आणि आता तू.”

“जरा मोठा उंदीर.”

“कमाल आहे. इतकं आत जाऊन अडकायचं!”

“तू तर माझ्या इमारतीच्या फाटकापाशीच अडकायचीस. दर रविवारी. खिडकीतून दिसायचीस मला.”

“दिसायचे? मग हाक का नाही मारलीस?”

“तू बेल का नाही वाजवलीस?”

“लागण होईल अशी भीती वाटायची रे.”

“मला वाटायचं, हाक मारली तर पळून जाशील.”

नर्स फॉर्म घेऊन आली. “पेशंटचा पत्ता सांगा.”

भावाने तोंड उघडायच्या आत ताईने पिनकोडसकट सगळा पत्ता सांगून टाकला.

“दुसरा मजला, डावीकडचं दार,” ती म्हणाली. “बेल चालू आहे ना रे?”