दुर्बिणीचे एकवीस खटके

मंडळी, मोजा माझ्याबरोबर! गोळ्या झाडल्या — दहा. कागदावर भोकं — नऊ. त्यातली काळ्या वर्तुळात — दोन. आणि रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवली, तिचे खटके — एकवीस! आता सांगा, चुकतंय कोण? काच? डोळा? की आणखी कोणी? माणसाला सगळ्या जगाची खोट दिसते, आपली का दिसत नाही? ऐका!

कुंदा भोईटे. पोलीस शिपाई. सहा वर्षं बंदोबस्त — जत्रेचा, मोर्चाचा, मंत्र्यांचा. मनात मात्र एकच — जिल्ह्याच्या नेमबाजी संघात जायचं! शंभर मीटरवर दहा गोळ्या. दहाही भोकं मिळून पन्नास मिलिमीटरच्या वर्तुळात मावली की निवड. दोनदा हुकली. वयाच्या अटीमुळे यंदाची खेप शेवटची. ठाण्यातले म्हणायचे, "कुंदाताई नेम धरताहेत? मग टार्गेटसमोरच उभे राहा रे, तीच जागा सुरक्षित!" — हसा, हसा! तीही हसायची. घरी पोचेपर्यंत ते हसू टिकत नसे.

रोज चांदमारीच्या मैदानावर ती पालथी पडे, रायफल खांद्याला लावी, दुर्बिणीतून बघे. गोळी डावीकडे गेली? फिरव चकती उजवीकडे — टक् टक् टक्! पुढची उजवीकडे गेली? फिरव डावीकडे! एक खटका म्हणजे शंभर मीटरवर सात मिलिमीटर — हिशोब तिला तोंडपाठ. गोळीला नव्हता!

शेवटी ती नेमबाजी शिकवणाऱ्या लोंढे उस्तादांकडे गेली. "उस्ताद, ही दुर्बीण डावीकडे खाते."

"खाते? मग आज तिला उपास! चकतीला हात लावायचा नाही. अन् काडतूस मी भरणार, तू बघायचं नाहीस."

पहिली गोळी — धाड! दुसरी — धाड! तिसऱ्या वेळी तिनं चाप ओढला, अन् — टक्.

आवाज नाही, धूर नाही, खांद्याला धक्का नाही! उस्तादांनी झाडलेलं, रिकामं काडतूस भरलं होतं. पण मंडळी, गोळीच नसताना नळीनं काय केलं? चांगली दोन बोटं खाली गेली — अन् डावीकडे!

कुंदा बघतच राहिली. "उस्ताद... हे मी केलं?"

"मग काय दुर्बिणीनं? ती दहापट मोठं दाखवते, पोरी. लक्ष्य मोठं, तशी तुझी थरथरही मोठी. काचेतली नेमाची फुली मध्यावर आली की तुला वाटतं, आता निसटेल! अन् तू चाप हिसकतेस."

तिचे डोळे भरून आले. "तीन वर्षं मी काचेला शिव्या घातल्या, उस्ताद."

"काचेला कान नसतात हे बरं. चल, पड पालथी."

मग सुरू झाला अभ्यास! गाल रोज त्याच जागी टेकवायचा. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं. चाप बोटाच्या पेरानं दाबायचा — लिंबू पिळतो तसा, पण बी न चिरडता. फुली हलली तर हलू दे. जिवंत माणसाची हलणारच! गोळी सुटली तरी क्षणभर तसंच पडून राहायचं. अठरा दिवस हेच. निम्मी काडतुसं रिकामी — कुठलं रिकामं, ते फक्त उस्तादांना ठाऊक.

आता तुम्ही! नामात मन लागेना, म्हणून तुळशीची माळ सोडून स्फटिकाची कोणी घेतली? सून बोलेना, म्हणून स्वयंपाकघराची दिशा कोणी बदलली? — अहो पेटीवाले, मान खाली घालू नका, माझंही तेच! कीर्तनात गळा माझा बसतो, अन् मी माईकवाल्यावर डाफरतो! मंडळी, देवही अधूनमधून रिकामं काडतूस भरतो. खूप जोर लावतो आपण, अन् नुसतं टक् होतं. रागावू नका. तेवढ्या क्षणात बघून घ्या — आपला हात कुठे हलला!

काय म्हणालात, मावशी? "निवडीचं काय झालं?" सांगतो. त्या सकाळी वारा होता. कुंदानं दहा गोळ्या झाडल्या. पंचांनी कागद उतरवला, पट्टी लावली, दोनदा मोजलं. भोकं दहा. सगळ्यांना कवेत घेणारं वर्तुळ — अठ्ठेचाळीस मिलिमीटर.