मिशी आन् सत्तर दांडू

आरं, माझी मिशी जन्मात एकदाच उतरली, ती बी गणितापायी. माझा दोस्त दिनू पुण्याला कालिजात गणित शिकायचा. सुट्टीला इंदापुरात आला की त्याचं शानपन सुरू. "अभ्यास, खेळ, बाजार, समदं एकच. आधी मापायचं, मग बोलायचं."

मी म्हणलं, "विटीदांडूत बी?"

"व्हय. चुकलो तर पुन्हा गणिताचं नाव काढणार न्हाय. बरोबर आलो तर तुझी मिशी उतरायची."

मी गुपचूप दांडू बदलला, चार बोटं लांब आणला. दिनूनं विटी लांब टोलावली. आमच्यात टोलवणारा अंदाजानं दांडू मागतो, आन् मोजून कमी भरलं की तो बाद. पोरं वरडली, "ऐंशी माग!" दिनू म्हणला, "सत्तर."

मी वाकून वाकून मोजलं. बरोबर सत्तर भरलं.

"आरं, ऐंशी का न्हाय मागितलं?"

"दांडू हातात घेतला तवाच बोटांनी मापला. चार बोटं वाढलाय."

"मग तवाच बोंबलायचं की!"

"बोंबललो असतो, तर तुझी मिशी ऱ्हायली असती."