मधला खांब

चतुराबाई : त्या खांबाची माती खरडू नको, जमील. बाकीचं घर बघ की.

जमील : सुतारानं खांब नाही बघायचा तर काय चूल बघायची, काकी? काकांनीच निरोप धाडला मला कळमनुरीला. म्हणले, शेतातल्या आखाड्यावरच्या घराचं आढं मधूनच खाली बसून राहिलं, पावसाच्या आत बघून जा.

चतुराबाई : मग कुडापासून सुरू कर.

जमील : कुड बघितला. तुराट्यांचा हाय, पण तुमच्या लिंपणानं भिंतीवानी घट्ट झाला. वासे बघितले. चुलीच्या धुरानं काळे पडले, म्हणून किडा लागला नाही. छपराचं गवत तर हातभर जाड. जुनं काढतच नव्हते का तुमी?

चतुराबाई : न्हाई. दर साली जुन्यावर नवा थर. सगळ्यात खालचा पलेगाच्या सालचा असंल. गाव उठलं, समदे शेतात येऊन राहिले, तवाचं घर ह्ये. पलेग सरला, लोकं माघारी गेली. आमी हितंच राहिलो.

जमील : पस्तीस सालाचं गवत डोक्यावर, आन् त्याच्या खाली हा एकटा मधला खांब. बघा, बुडाशी बोट लावलं तर भुसा पडून राहिला. वाळवी लागली.

चतुराबाई : मग टेकू दे एखादा.

जमील : टेकूनं भागायचं नाही. बदलावाच लागंल. आन् काकी, एक बोलू का? ह्या गाठी बघा, मातीखालच्या. झाडाच्या फांद्या वर जातात. ह्या गाठींची तोंडं खाली हायत. खांब उलटा हाय. बुड वर, शेंडा खाली.

चतुराबाई : हळू बोल. ह्ये बाहेर गवताच्या पेंढ्या सोडून राहिले.

जमील : म्हणजे तुमाला ठाव हाय?

चतुराबाई : तेवीस वर्सं झाली. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली माझी दोन्ही लेकरं गेली, एका महिन्यात. गावातली शकुबाई दुखवट्याला आली. बसल्या बसल्या खांबाकडं बघितलं आन् म्हणली, तुझ्या धन्यानं उलटा रोवला गं, असल्या घरात लेकरू टिकत न्हाई. तिला दंडाला धरून बाहेर काढली मी. त्याच दिशी माती कालवली आन् गाठी बुजवल्या. तवापसून दर आठ दिवसाला लिंपते.

जमील : काकांना दिसू नये म्हणून.

चतुराबाई : त्यांनी सोता रोवलाय तो. लेकरं गेल्यावर चार महिने ह्यांच्या पोटात धड भाकर गेली न्हाई. त्यात ह्ये कळलं असतं तर माणूस राहिला नसता, जमील. अजूनबी राहायचा न्हाई. तुला हात जोडते. खांब बदल, पर उलटा व्हता म्हणून बोलू नको. काढला की तुकडे कर, माझ्या चुलीत जाऊ दे.

जमील : माझ्याकडून शब्द नाही निघायचा. पण खांब काढताना काका हात लावणारच. शेतकरी माणूस, बुड-शेंडा त्यांना कळत नाही व्हय?

चतुराबाई : बाजाराच्या दिशी त्यांना बाजाराला धाडते. तवाच कर तुझं काम.

जमील : बराबर. पण ह्या खांबावर एवढा ढीग कशाचा टांगलाय? मोटेचा नाडा, कासरे, दावी. सरकवता सरकवता हात दुखला माझा.

चतुराबाई : त्याच्यावरून तर रोजचं भांडण. खुंट्या चार हायत घरात, पर ह्या माणसाला खांबच पायजे. दोर घासून घासून माझी माती उडते. मी लिंपायचं आन् ह्यांनी टांगायचं, जन्म गेला ह्याच्यात.

(संतराम गवताची पेंढी घेऊन दारात येतो.)

संतराम : काय रे जमील, पत्रा मिळतो का न्हाई?

जमील : लढाईत गेला समदा, काका. हिंगोलीत धुंडलं, कुठं दिसत नाही.

संतराम : बरं झालं. पत्र्याखाली माणूस उन्हाळ्यात भाजतंय आन् पावसाळ्यात बहिरं व्हतंय. गवतच बरं. खांबाचं काय म्हणतोस?

जमील : वाळवी लागली. बदलू.

चतुराबाई : बाजाराच्या दिशी बदलंल तो. तुमी बाजार करून या निवांत. मी हाय हितं.

संतराम : बाजार राहू दे. तूच कनेरगावला भावाकडं जा दोन रोज. आमी दोघं करतो.

चतुराबाई : मी काहून जाऊ?

संतराम : घर उघडं पडंल. तुला बघवायचं न्हाई.

चतुराबाई : आन् तुमाला बघवंल? धुळीनं खोकला उठतो तुमचा, रातभर मला जागं ठेवता.

जमील : तुमी दोघंबी एकमेकाला घरातून हाकलून राहिले. काका, खरं सांगा, ह्या खांबावर दोर काहून टांगता?

संतराम : सवय.

जमील : कधीपसूनची?

संतराम : खांब खरडलास तू?

जमील : एवढासाच.

संतराम : चतुरा, जरा रांजणातलं पाणी आण.

चतुराबाई : तांब्या भरलेला हाय तुमच्या पायाशी. मी जायची न्हाई. बोला काय बोलायचं ते.

संतराम : तुला ऐकवायचं न्हाई ते.

चतुराबाई : खांब उलटा हाय, ह्येच ना?

संतराम : तुला कोणी सांगितलं?

चतुराबाई : शकुबाईनं. दुखवट्याला आली तवा. तुमाला?

संतराम : त्याच साली. बाजाराला चाललो व्हतो, वाटंत एका घराचं काम चाललेलं. सुतार गड्याला शिव्या देऊन राहिला, लाकूड उलटं धरलं म्हणून. मी सहज विचारलं, उलटं लागलं तर काय व्हतं बाबा? त्यानं सांगितलं. तसाच माघारी फिरलो, बाजार केला न्हाई. आलो आन् हातातला कासरा खांबावर टांगला. तुझी नजर जाऊ नये म्हणून.

चतुराबाई : आन् मी तेवीस वर्सं भांडले त्याच्यावरून.

संतराम : भांडणाचं काय न्हाई. मला भ्या वाटायचं, तुला कळलं तर म्हणशील, ह्याच्या हातानं माझी लेकरं गेली.

चतुराबाई : म्हणले असते का मी असं?

संतराम : मीच म्हणत व्हतो. रोज. सकाळी उठलो की पयला त्योच खांब दिसतो.

चतुराबाई : लावलाच कसा पर उलटा?

संतराम : गावात माणसं मरून राहिली व्हती. सुतार आधीच पळाला. आढं टेकवाया बेचक्याचं लाकूड मिळंना, ह्यो सरळ साग गावला. वरच्या टोकाला खाच पाडायची, तर जाड बाजू वर असंल तं बरं, असं वाटलं. मला वाटलं मी लई हुशारी केली.

जमील : मी एक सांगू? आमच्या घरचे समदे खांब अब्बांनी उभे केले. एकूण एक, बुड खाली, शेंडा वर. दुसऱ्याच्या घरी गेले तरी अब्बा आधी खांब बघायचे, मग पाणी प्यायचे. मानमोडीत अब्बा गेले. कनीज आन् गौसिया, माझ्या दोन बहिणी, त्याबी गेल्या. आठ दिवसांत तीन जनाजे. आमचा एकबी खांब उलटा नव्हता, काका.

संतराम : ह्ये कधी बोलला न्हाईस तू.

जमील : कोणी विचारलं नाही. तुमी चूक केली, बराबर. सुतार म्हणून मी चूकच म्हणंल. पण त्या चुकीनं एक लाकूड वाया गेलं, बस. आन् तेबी पस्तीस पावसाळे उभं राहून.

चतुराबाई : ऐकलं का?

संतराम : ऐकून राहिलो.

चतुराबाई : मग पाणी प्या. डोळे पुसा आधी.

संतराम : लेकरांचं नाव निघालं न्हाई गं ह्या घरात एवढी वर्सं. मला वाटायचं, नाव काढलं की खांबाचं निघंल.

चतुराबाई : मलाबी तेच वाटायचं. जिभंवर यायचं आन् गिळायचे.

जमील : मी बाहेर गवत बघून येतो.

संतराम : बस तू. बाहेर ऊन हाय. चतुरा, आपली पोर, मोती, आज केवढी असती गं? तिशीला आली असती?

चतुराबाई : तेहतीस. येत्या पोळ्याला चौतीस भरतील.