'पण'वर संपलेलं पान

...आन मला सांगा राव, 'पण' लिहून कुणी पान संपवतं का? नाय, तुमीच सांगा! माणूस दारात येतो, म्हणतो "मी चाललो, पण", आन तसाच निघून जातो. तुमाला झोप लागंल का? मला नाय लागली. पावसाळा गेला, कांद्याची रोपं टाकून झाली, तरी माझं आपलं एकच चाललेलं... पण काय? आरं, पण काय?

थांबा, तुमाला मुळापासून सांगतो. 'घरचा नाद' नावाचं एक मासिक यायचं आमच्या वारूळवाडीला, पोस्टानं, माझ्या नावावर. गेणू असं ठळक छापलेली चिठ्ठी असायची वर. घरच्या घरी स्पीकर कसा करायचा, अॅम्प्लिफायर कसा जोडायचा, समदं चित्रं काढून सांगायचे. म्या शाळा दुसरीत सोडली, का तर मास्तर बोलायचा लई. वाचायला शिकलो ते ह्या मासिकावर. अजूनबी लग्नाची पत्रिका हातात आली की मी पयलं बघतो, वूफर कितीचा हाय.

आमची मंडळी कुशाबाई म्हणायची, "आवं, लोकांला दारूचा नाद, गाड्याचा नाद, तुमाला हे काय खोक्याचं?" म्हणलं, बाई, दारू पिऊन घरात भजन ऐकू येतं का? येत आसंल तर सांग, तेबी करतो.

तर ह्या मासिकाचे आमी दोन धनी. एक मी, दुसरा जुन्नरचा पीरमहंमद. बेल्ह्याच्या बाजारात कासरे, वेसणी, घुंगरमाळा विकतो. माणूस लाखाचा, जीभ दोन पैशाची. अंक एक आन वाचणारे दोघं, मग आमी काय करायचो? अंक आला की पाठीवर ब्लेड मारायचं. सरळ दोन तुकडे! पुढचा अर्धा मी वाचायचा, मागचा अर्धा बाजाराच्या दिशी त्याला द्यायचा. पुढच्या बाजाराला आदलाबदल. दोघांचं वाचून झालं की त्याची बायको दिलशादभाभी बैलाच्या झुली शिवायच्या दाभणानं दोन्ही तुकडे शिवून द्यायची. तसा टाका पुण्याच्या डागतराला जमायचा नाय. मग एका म्हयन्याचा अंक माझ्या घरी, पुढच्या म्हयन्याचा त्याच्या घरी. इतकी वर्सं चाललं, कदी तंटा नाय.

आन त्या मासिकाची एक खोड व्हती, ती ध्यानात ठेवा. त्यात चुका लई. दर अंकात शेवटी बारीक अक्षरात छापायचे, मागच्या अंकात अमुक चुकलं, तमुक चुकलं, दुरुस्त करून घ्या. नवखा माणूस अंक आला की लगेच लाकूड कापायचा आन कपाळाला हात लावायचा. आमी जुने गडी. पुढच्या अंकातली दुरुस्ती आल्याबिगर करवत हातात धरायची नाय, हा आमचा नियम.

आन मग आला तो अंक. पातळ! पयलं कसं, अंक मारला तर म्हस उठायची. हा डास मरंना असला. उघडलं तर आत संपादकाचं लिवलेलं. म्या बोट ठेवून ठेवून वाचलं. 'वाचकहो, हा आपला शेवटचा अंक आहे. वाचक मोबाईलकडे गेले, छापखाना बंद झाला, आम्हीही थकलो. पण'

बास. 'पण'वर पान संपलं. खाली लिवलंय, उरलेला मजकूर पान एकेचाळीसवर. आन पान एकेचाळीस कुटं? मागच्या अर्ध्यात. आन मागचा अर्धा कुटं? म्या नेमानं ब्लेड मारून, नेमानं बाजारात, माझ्या ह्या हातानं, न वाचता पीरभाईला दिलेला! आता कळलं माझं दुखणं?

ती आठवड्याची वाट कशी बघितली माझं मला म्हाईत. मनात येई, पण आमी पुन्हा सुरू करू. पण अंक वर्साला एक काढू. पण गेणू, तुझ्यासाठी एक कापी छापू. बेल्ह्याला गेलो तो बैलबाजाराकडं बघितलंसुद्धा नाय, सरळ पीरभाईच्या दुकानापुढं. म्हणलं, काढ मागचा अर्धा. त्यो म्हणला, तू काढ पुढचा. दोघांनी हात पुढं केले, आन त्यो मधीच म्हणतो,

"गेणूभाऊ, वाचून झाल्यावर ह्यो अंक माझ्याकडं ऱ्हायचा बरं का."

म्हणलं, कसा? मागच्या म्हयन्याचा अंक तुझ्याकडं गेला, आता माझी पाळी. तर म्हणतो, शेवटचा अंक पाळीत धरत नसत्यात, त्याचा इचार येगळा. आरं, कुणी केला कायदा? म्या म्हणलं, तू कासरे विकतोस ते बरं, एखाद्याला तोंडालाबी बांध. त्यो म्हणला, तुझ्या मापाचा नाय माझ्याकडं. झालं! दोघांनी आपापला अर्धा काखंत मारला आन तोंडं फिरवली. मी टेम्पोत बसलो आन खोडदच्या पुढं आल्यावर ध्यानात आलं, आरं... पण काय, ते ऱ्हायलंच की!

आता म्हणाल, फोन करावा. केला. मासिकाच्या हापिसात केला. एक बाई गोड आवाजात बोलती, हा क्रमांक अस्तित्वात नाही. म्हणलं, बाई, तू अस्तित्वात हायेस ना, मग तूच सांग, पण काय? ती पुन्हा तेच. नारायणगावला एष्टी स्टँडपाशी पेपरवाला व्हता, तिकडं गेलो. त्याच्याकडं आता मोबाईलची कव्हरं टांगल्यात, मासिक म्हणून एक पंचांग. म्हणतो, बाबा, छापलेलं कोण घेतंय आता, समदं मोबाईलमधी बघा.

बरं, तेबी केलं! सूनबाई मोहिनीनं मोबाईल लावून दिला. "आबा, ह्यात समद्या जगाचे स्पीकर हायेत." उघडलं तर एक पोरगा, टोपी उलटी, हॅलो गाईज, हॅलो गाईज. म्या खिशातून इंची टेप काढून त्याच्या पेटीला लावाया गेलो, तर बोट लागलं आन पोरगा गायब. त्याच्या जागी एक बाई भाकऱ्या थापाया लागली. कागद कसा, टेप ठेवा, पेन्सिल मारा, वर चहाचा कप ठेवा, हलतो का? हे मोबाईल म्हंजी कान हलवणारा बैल, माप घेऊच देत नाय.

आन माप पायजे व्हतं! मधल्या पानावर एका पेटीचं चित्र, अशी पेटी की घरात लावली तर गाणारा खाटंवर येऊन बसल्यावानी वाटंल, असं लिवलेलं. उंची आन रुंदी डाव्या पानावर, म्हंजी माझ्याकडं. पेटी आतून किती खोल, ते उजव्या पानावर, म्हंजी पीरभाईकडं. ब्लेड बरोबर पेटीच्या मधून गेलेलं. म्हणलं, शेवटचा अंक, दुरुस्ती काय येत नाय, मारू अंदाजानं. आंब्याच्या फळ्या कापल्या. लावलं गाणं... हिरीत पडलेला माणूस दोर मागतोय! कुशाबाई परड्यातून पळत आली, कोण पडलं म्हणून.

तेवढ्यात जानकू आला, बैलाचा दलाल, इकडचं तिकडं करण्यात पटाईत. म्हणला, पीरमहंमदनंबी पेटी केलीय, खोली बरोबर आन उंची मनाची. दिलशादभाभीची कोंबडी त्यात अंडी घालती. लई बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? रातचं जेवण दोन घास ज्यादा गेलं.

पण 'पण' काय सुटंना.

मग गेल्या सोमवारी बाजारात मी लांबून, चोरून, पीरभाईच्या दुकानाकडं बघत उभा. तर मागून दिलशादभाभीनं हाक मारली.

"गेणूभाऊ, तुमचा अर्धा आणलाय का सोबत?"

आणलाच व्हता. रोज काखंत असतो. भाभी म्हणली, ह्ये तुमचे दोस्त रात रात जागत्यात. त्यांच्या पानावर सुरुवातच मधून हाय, कशातलं लिवलंय ते कळंना. 'आधी काय, आधी काय' करून माझं डोकं खाल्लं. आन मोबाईलमधी त्यांनीबी बघितलं, तिथंबी भाकऱ्याच.

म्हणलं, भाभी, त्यानं मला एकदाबी इचारलं नाय. भाभी म्हणली, तुमी इचारलं?

तिनं मला पीरभाईच्या दुकानापुढं नेलं, दोघांचे तुकडे वढून घेतले, दाभणात दोरा घातला. आमी दोघं दोन अंगाला तोंड करून उभे. ती म्हणली, शिवून झाल्याबिगर कुणी वाचायचं नाय. टाके पडाया लागले. दोन गिऱ्हाईकं थांबली, एक बैल थांबला. शिवून झालं तशी तिनं अंक माझ्या हातात दिला. म्या बोट ठेवलं. मोठ्यानं वाचलं. 'आम्हीही थकलो. पण'... पान उलटून एकेचाळीस काढलं.

'यातील पेटीच्या तिन्ही मापांत चूक राहून गेली आहे. कृपया लाकूड कापू नये. दुरुस्ती नेहमीप्रमाणे पुढील अंकात.'

बैलानं शेपटी हलवली. पीरभाईनं अंक घेतला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा वाचला. म्हणला, "म्या ह्ये मागच्या अंकातल्या पेटीचं समजून फळ्या कापल्या की!" मग गोणपाटावर सरकून मला जागा केली. मी बसलो. भाभीनं चहा सांगितला.

चहा निम्मा झाल्यावर त्यो म्हणतो, "गेणूभाऊ, तुझंच खरं. ह्यो अंक तूच ठेव. पाळी तुझीच हाय."

एवढा गोड कसा झाला म्हणून मी बघतोय, आन टाळक्यात उजेड पडला. ह्यो अंक माझ्याकडं आला, म्हंजी पुढचा, दुरुस्तीचा, त्याच्याकडं!

म्हणलं, वा रं वा. शेवटचा पाळीत धरत नसत्यात, तूच म्हणला व्हतास. तू ठेव.

त्यो म्हणतो तू ठेव, मी म्हणतो तू ठेव. बाजार उठला, बैल गेले, टेम्पो भरले, भाभीनं कासरे गुंडाळले, तरी आमचं मिटंना. अंक अजून तिच्या दाभणाच्या डब्यात पडून हाय.

पुढचा अंक येत नाय, हे दोघांलाबी म्हाईत हाय हो... पण पाळी कशी सोडायची?