मत का दिलं नाहीत, ते एका ओळीत लिहा

…कारण लिहा म्हणे! "आपण महापौराच्या निवडणुकीत मतदान का केलं नाही?" हे मला विचारतात, मला, डोरीन पास्कोला! अहो तुम्हाला सांगते, सत्तेचाळीस वर्षं या बुरालाँगमध्ये एक मत चुकवलेलं नाही मी, थोरलीच्या वेळी कळा सोसत रांगेत उभी होते! पण नाही. आमच्या ऑस्ट्रेलियात मत न देणं हा गुन्हा, गुन्हा म्हटला की नोटीस… सगळं कसं नियमानं!

झालं काय, महापौर टकवेलला आमचा वृद्धाश्रम विकायचा होता. तिथे माझा नवरा क्लॅरी, अर्धं अंग लुळं पडलेला. टकवेलविरुद्ध उभी राहिली नोला, ती म्हणाली, "आश्रमाची वीट हलू देणार नाही!" मतपत्रिका टपालानं आल्या, मी माझी क्लॅरीच्या उशाशी बसूनच भरली, आणि क्लॅरीनं… पाच नावांपुढे पसंतीचे पाच आकडे घालायला पाऊण तास लागला हो त्याला, हात असा लटलट कापतोय. म्हटलं, "मी लिहू का?" तर डोळे वटारून म्हणतो, "गप गं! मत गुप्त असतं!"

तेवढ्यात आली ग्लेनिस. दर मंगळवारी म्हाताऱ्यांना लॅमिंग्टन केक आणणारी, बोलणं कसं, लोणी! "अगं डोरीन, टपालपेटीपर्यंत तंगडतोड कशाला? आणा सगळ्यांचे, जाता जाता टाकते!" आता केक तोंडात असताना नाही कसं म्हणायचं? आमच्या गावात नाही जमत ते कुणाला. दिले! त्रेचाळीस लिफाफे केकच्या रिकाम्या डब्यात घालून गेली. टकवेलची मेहुणी ती, हे माहीत नव्हतं का? होतं की! पण लिफाफे चिकटवलेले होते ना… सगळं नियमानं!

टकवेल अकरा मतांनी निवडून आला.

तीन महिन्यांनी या नोटिसा. मला, क्लॅरीला, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जणांना! म्हणजे आमची मतं पोचलीच नव्हती! गठ्ठा घेऊन थडकले निवडणूक कचेरीत. कारकूनबाई म्हणते, "वाईट वाटतं हो, पण निकालावर तक्रारीची मुदत चौदा दिवस." "आणि नोटीस तीन महिन्यांनी?" "तोही नियमच आहे, आजी." ग्लेनिस पोलिसांपुढे डोळे पुसत, "मी टाकले हो पेटीत, देवाशपथ! टपालवाल्यांचं काय सांगावं?" पुरावा? कुठला पुरावा! सगळं नियमानं!

जूनमध्ये आश्रमाला कुलूप लागलं. क्लॅरीला दोनशे किलोमीटर लांब नेऊन टाकला, मला गाडी चालवता येत नाही, बस आठवड्यातून एकदा. परवा विचारत होता, "आपली नोला निवडून आली ना गं?"

म्हटलं, "आली."

तर त्या कारणाच्या एका ओळीला मी तीन पानं जोडून धाडली. काल उत्तर आलं: "आपलं कारण समाधानकारक वाटल्यानं या वेळी आपल्याला माफ करण्यात येत आहे."

बघा! एवढ्या प्रकरणात आरोपी म्हणून नोटीस निघाली ती आम्हा म्हाताऱ्यांवर… आणि सुटलो म्हणून आनंदही आम्हीच मानायचा!