पालीचं पोट

...मनावर घ्यायचं नसतं म्हणे. तुम्हाला सांगते, इतक्या वर्षांत मी काही म्हणजे काही मनावर घेतलेलं नाही, ते सगळं कंबरेवर जाऊन बसलंय बहुतेक, बघताय ना घेर... तर, माझं काम रक्त काढायचं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर खोली, एक खुर्ची, सुई, आणि मी काळीठिक्कर. आमच्या घरात सगळेच असे, लाइट गेली की एकमेकांना हाका मारून शोधतो. हे मी म्हटलं की विनोद.

आमचे एक पेशंट आजोबा म्हणतात तेव्हाही विनोदच. गोरेपान आजोबा, दर महिन्याला येणार, बाही वर करणार आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं विचारणार, "हातमोजे घातलेस ना गं? नाही, तुम्हा लोकांचा रंग लागायचा हाताला." खोली हसते. आमच्या विभागाच्या मॅडमही हसतात, मग माझ्या कानाशी, "जुन्या काळातलं माणूस आहे गं, मनावर नाही घ्यायचं." एकदा तर मी त्यांचा हात पुसलेला कापूस उजेडात धरून बघितला त्यांनी, काळा झालाय का म्हणून... आजारी माणूस आहे, मनावर नाही घ्यायचं. बरं. नाही घेतलं.

मागच्या खेपेला मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर टरारून वर, आणि माझ्या तोंडून गेलं, "वा आजोबा, तुमची शीर शोधावीच लागत नाही, पालीच्या पोटासारखं सगळं आरपार."

पाल नको होती, मान्य. काच म्हणता आलं असतं. पण तोंडात पालच आली, काय करू? आणि एरवी हसू न आवरणारी ती खोली... चिडीचूप.

दुपारी मॅडमनी बोलावलं. "कातडीवरून बोलतात का कुणाला? आपल्याकडे नियम आहे." अय्या, आहे का? मग कापूस उजेडात धरला तेव्हा तो कुठे गेला होता, जेवायला? "ते वेगळं. ते गमतीत म्हणाले." मीही गमतीतच. "तुझा सूर वेगळा होता." आता सुराला काय करायचं, सांगा? आजोबांची माफी माग, नाहीतर सुई ठेव आणि मागच्या खोलीत बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत बस.

अहो, ती सुई म्हणजे माझा सगळा मान आहे. माझ्या हाताखाली तान्हं पोरसुद्धा रडत नाही. नवरा म्हणाला, "माग की माफी, मनावर काय घेतेस?" हाही. आणि हा माझ्याहून काळा.

मागितली. या खेपेला आजोबा खुर्चीत, शेजारी मॅडम, मी समोर उभी. म्हटलं, चुकलं माझं, कातडीवरून बोलायला नको होतं. आजोबांनी डोळे मिटले, हात हलवला. "जाऊ दे गं. तुम्हा लोकांना कुठली आलीये बोलायची रीत."

मॅडमना गहिवरून आलं. "बघ," म्हणाल्या, "किती मोठं मन आहे."

आता इतकं मोठं मन समोर असल्यावर, तुम्हीच सांगा, दुसरं काय करणार... थँक्यू म्हटलं आणि पट्टा बांधायला घेतला.